परत जायला गाव

आमच्या मालकांनी आम्हाला खोली दिली ती एका खोट्यावर. ते खोटं मी बोलले नव्हते, हे बोलले होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून मला कुणी बोल लावायला नको. माझ्या पदरात माझी पापं भरपूर आहेत, ती येतीलच पुढं.

खोपोलीत तेव्हा वीजघराचं काम निघालं होतं. घाटावरून खाली भलेमोठे लोखंडी नळ आणायचे, पाणी सोडायचं, वीज काढायची आणि ती मुंबईला न्यायची, असं काहीतरी. त्या कामापायी माणूस नुसता लोटला होता. काही विचारू नका. गोठे भाड्यानं गेले. शिळफाट्याजवळ एकानं बैल विकला आणि बैलाच्या जागी तीन माणसं ठेवली. वर्षानुवर्षं राहणाऱ्या भाडेकरूंची भांडी रस्त्यावर ठेवायची आणि त्या खोलीत तिप्पट भाड्यानं कंपनीचा ओवरसियर घालायचा, ही तर रीतच पडली. सकाळी शेजारीण म्हणून जिच्याशी बोललो ती संध्याकाळी पुलाखाली चूल मांडून बसलेली दिसायची.

आणि आम्ही कोण? तर आमचं गाव घाटमाथ्यावर होतं, ते धरणाखाली गेलं. घर, खळं, देऊळ, सगळं. ज्या पाण्यानं घर घेतलं तेच पाणी नळानं खाली उतरवायच्या कामावर हे हजेरी लिहायला लागले. पोटापुढं काय बोलणार? मला फक्त एवढंच हवं होतं की आता कुणी ऊठ म्हणू नये. चार भिंती हव्यात, डोक्यावर कौल हवं, आणि उद्या सकाळीही ते आपलंच असावं. यापलीकडं माझी काही मागणी नव्हती, देवाशपथ.

मालकांची चाळ सात खोल्यांची होती. स्वतः आठव्या खोलीत एकटेच राहायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. जुन्या, नावाजलेल्या घरातले. अंगात पांढरी बाराबंदी, काखेत छत्री, आणि नजर अशी की समोरच्याला वाटावं आपण काहीतरी उचललं आहे आणि आता झडती होणार. आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो तर बसा म्हणाले नाहीत.

"गाव कुठलं?" त्यांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी आमच्या गावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मालक पुढं म्हणाले, "आधीच सांगतो. ज्याला परत जायला गाव नाही, त्याला मी खोली देत नाही. काल घाटावरचे दोघे येऊन गेले, धरणातले. परत पाठवले. असली माणसं एकदा शिरली की निघायची कुठं? निघायला जागाच नाही त्यांना. मग माझ्या उरावर बसणार."

ह्यांनी तोंड मिटलं, परत उघडलं आणि म्हणाले, "कडाव."

मी ह्यांच्याकडं बघतच राहिले. कडावशी आमचा संबंध काय, तर घाट उतरून आलो त्या दिवशी कडावच्या एका म्हातारीनं कर्जत स्टेशनाबाहेर आम्हाला आपल्या बैलगाडीच्या सावलीला बसू दिलं होतं आणि पोहे दिले होते. विधवा बाई, मूल नाही. खोपोलीच्या बाजाराला पोहे विकायला यायची. आम्ही तिला मावशी म्हणत होतो, कारण काहीतरी म्हणायला हवं. एवढंच नातं.

"कडावला कोण?" मालक.

"मावशी आहे. तिनंच वाढवलं मला." हे अगदी शांतपणे म्हणाले. बाई गं, लग्नाला चार वर्षं झाली होती, हा माणूस इतकं छान खोटं बोलतो हे मला त्या दिवशी कळलं!

खोली मिळाली. आता मालकांचे नियम ऐका. भिंतीत खुंटी ठोकायची नाही. अंगणात तुळस लावायची नाही, कारण तुळस लावलेल्या माणसाला काढायचं म्हणजे पाप लागतं, आणि ते पाप आपल्या माथी का घ्यायचं? दुधीभोपळ्याचा वेल कौलावर चढवायचा नाही. "वेल वर चढला की माणूस खाली उतरत नाही," असं ते म्हणायचे. मांजराला दूध घालायचं नाही, मांजर जागेला चिकटतं आणि मांजरामागं माणूस. रोज सकाळी उजाडल्याबरोबर ते छत्रीच्या टोकानं प्रत्येक भिंत ठोकत जायचे आणि दारापुढच्या वहाणा मोजायचे. एखादा जोड जास्त दिसला की दाराशी उभं राहून खाकरायचे. "पाहुणे कधीपर्यंत?" हा पहिला प्रश्न. पाहुण्याला रामराम नंतर.

पोस्टमननं आणलेलं कार्ड आधी मालक वाचायचे. तेही मोठ्यानं, अंगणात, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुमच्या थोरल्या जावेला मुलगी झाली. गाय आटली. बाकी क्षेम." मग कार्ड आपल्या हातात. एकदा मी चिडून म्हटलं, "मालक, आमची कार्डं तुम्ही का वाचता?"

"इथं कायमचं राहायचं कोण ठरवतंय ते कळायला नको?" ते म्हणाले. लाज नाही, संकोच नाही. जणू मीच काही वेडं विचारलं होतं.

पण खरा नियम शिमग्याचा. कुणी त्यांच्या डोक्यात भरवून दिलं होतं की बारा वर्षं एका जागी चूल पेटली की ती जागा चूल पेटवणाऱ्याची होते. वहिवाट म्हणतात ती. या एका शब्दाला तो माणूस वाघाला भ्यावं तसा भ्यायचा. म्हणून शिमग्याला सातही बिऱ्हाडांनी चूल मोडायची, खोली मोकळी करायची आणि आपापल्या गावी जायचं. तशी कोकणातली माणसं शिमग्याला गावी जातातच, त्यामुळं बाकीच्यांना त्याचं काही वाटत नसे. आठ दिवसांनी परत आलं की मालक नवी खोली सांगायचे. पहिलीतला तिसरीत, पाचवीतला दुसरीत. एकाच खोलीत लागोपाठ दोन वर्षं कुणीही नाही.

येताना गावाहून काहीतरी आणून दाखवायचं. कुणी कोकम आणायचं, कुणी आंबोशी. म्हणजे खरोखर गावाला जाऊन आलात याचा पुरावा.

आता आमचं कोणतं गाव? आम्ही पहिल्या शिमग्याला गाठोडं घेऊन कडावला मावशीच्या दारात जाऊन उभे राहिलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हे तिला सगळं खरं सांगून मोकळे झाले. म्हातारी आधी पोट धरून हसली.

"म्हंजे मी तुला वाढवला व्हय रं? आनि मलाच ठावं नाय!" मग मला म्हणाली, "ये गं बाय, घरात ये. येक तरी पोर माज्या नावावर लागला. येत जा वर्साला."

गावात तिनं सांगून टाकलं की हा घाटावरच्या माझ्या भनीचा पोरगा. आणि मग दर शिमग्याला आम्ही कडावला जायला लागलो. पालखी नाचवताना ह्यांना खांदा द्यायला बोलवायला लागले. माझा थोरला तिथंच झाला, शिमग्यातच, मावशीच्या हातावर. येताना ती कडावचा तांदूळ बांधून द्यायची, तो मी मालकांना दाखवायची. ते चार दाणे तळहातावर घेऊन उजेडात धरायचे, एक दाणा दातांखाली फोडायचे आणि मान हलवायचे.

इकडं खोपोलीत सगळ्यांची भाडी वाढत होती आणि आमच्या मालकांनी काही भाडं वाढवलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, मग चांगलंच की! आम्हाला मात्र त्यानं झोप येईना. जो माणूस मांजराला उभं करत नाही तो आमच्यावर उपकार कशाला करील? नक्की काहीतरी डाव असणार. नळावर आम्ही बायका त्याचीच चर्चा करायचो. एक म्हणायची, चाळच विकायला काढली असेल. दुसरी म्हणायची, एकदम वाढवणार, आपल्याला पळायला वेळ मिळू नये म्हणून. शेवटी ह्यांनी एकदा धीर करून विचारलंच.

"भाडं वाढवलं की भाडेकरू हक्कानं बोलायला लागतो," मालक म्हणाले. "कौल गळतंय, मोरी तुंबलीय. कमी भाडं देणारा माणूस तोंड खाली घालून असतो."

कौल गळत होतंच. आम्ही तोंड खाली घालून पातेली लावत होतो.

चौथ्या की पाचव्या शिमग्याची गोष्ट. मी मावशीच्या ओटीवर पापड लाटत बसले होते. भर दुपार. समोरून बांधावरून छत्री येताना दिसली, छत्रीखाली पांढरी बाराबंदी. माझ्या हातातलं लाटणंच पडलं. खोपोलीहून कर्जतपर्यंत गाडीनं आणि तिथून पायी, उन्हातान्हात, हा माणूस फक्त बघायला आला होता की आम्ही खरोखर कडावचे आहोत का! मी उठून आत पळाले. "मावशी, मालक आले. संपलं सगळं."

"काय संपतंय? येऊ दे की," मावशी म्हणाली आणि बाहेर जाऊन तिनं असं स्वागत केलं की जणू आमंत्रणच धाडलं होतं. पाय धुवायला पाणी दिलं. पाट मांडला. मालक पाटावर बसले आणि सुरू झाले.

"हा तुमच्या बहिणीचा मुलगा?"

"व्हय. येवढासा व्हता. शेळीच्या दुधावर वाढवला."

"शेत कुठलं?"

"ह्ये समोरचं, वड्यापतुर." शेत दिराच्या मुलांचं होतं, पण मावशीनं हात असा फिरवला की डोंगरापर्यंतचं तिचंच वाटावं.

हे बाहेर गेले होते. मग मालकांनी माझ्याकडं मोर्चा वळवला. म्हणजे तसं आडूनच. "गाव चांगलं आहे हो तुमचं. उन्हाळ्यात पाण्याचं कसं करता?"

साधा प्रश्न. मावशीच्या दारापासून वीस पावलांवर कडावची विहीर, येताना तिच्याच कठड्यावर त्यांनी दम खाल्ला असणार. पण मला काय झालं कुणास ठाऊक. चार वर्षांत मला कुणी माझ्या गावाबद्दल विचारलंच नव्हतं. मी बोलायला लागले. "पाण्याला काय तोटा मालक! देवळामागं झरा आहे, करवंदीच्या जाळीखाली. वैशाखातसुद्धा दगडातून करंगळीएवढी धार सुरूच. उतरायला पायऱ्या आहेत, माझ्या आजेसासऱ्यांनी बांधलेल्या. थंडीत पाण्यावर वाफ दिसते. आणि घागर भरून वर आलं की समोर..." समोर दरी, असं म्हणणार होते, आणि समोर बघितलं तर भाताची सपाट खाचरं. कडावात कुठली दरी?

मावशी माझ्याकडं बघत राहिली. मालक मान खाली घालून ऐकत होते. मग मावशीच म्हणाली, "जेवून जा तुमी. तांदळाची भाकर हाय." ते जेवले. चवीनं जेवले. निघताना छत्री उघडली आणि मला म्हणाले, "बरं. शिमगा झाला की या."

त्या आठ दिवसांत मला अन्न गोड लागलं नाही. मालकांना कळलं! कळलंच असणार, एवढ्या धूर्त माणसाला न कळायला काय झालं? ह्यांनी मला चार शब्द सुनावले आणि माझं चुकलंच होतं. परत गेलो तेव्हा मी भांडी गाठोड्यातून काढलीच नाहीत. मालक आले, तांदूळ बघितला, दाणा फोडला आणि म्हणाले, "यंदा सातवी."

सातवी खोली म्हणजे शेवटची, दोन खिडक्यांची. सगळ्यांचा डोळा तिच्यावर. आणि ती मालकांच्या खोलीला लागून, मध्ये एकच कुडाची भिंत. मला लगेच उमगलं. आम्हाला नजरेखाली ठेवायचंय! कानाखाली ठेवायचंय! आम्ही काय बोलतो ते ऐकायचं, आणखी पुरावा जमवायचा आणि मग एक दिवस ऊठ म्हणायचं. त्या वर्षभर आम्ही नवराबायको कुजबुजत बोललो. मुलगा रडला की मी त्याचं तोंड दाबायची. पलीकडून खोकला ऐकू आला की समजायचं, जागे आहेत, ऐकताहेत.

पण त्यांनी काही म्हटलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. शिमग्याला आम्हाला कडावला धाडायचं, आल्यावर तांदूळ बघायचा, खोली बदलून द्यायची. जितकी वर्षं ते गप्प राहिले तितका माझा संशय वाढत गेला. उघड बोलणाऱ्याला तोंड देता येतं हो. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं? मी तर मनात पक्कं धरलं होतं की मालकांनी आमचं खोटं खुंटीला टांगून ठेवलंय, वेळ आली की काढतील.

त्यांच्यावर जी वेळ आली ती मात्र आमच्याकडून आली नाही. आली ती पुतण्याकडून. मुंबईला असायचा, गोड बोलायचा, येताना काकांसाठी बर्फी आणायचा. मालकांच्या डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरला होता. कार्डं वाचता येत नव्हती, पण ते अजून अंगणात उभे राहून पोस्टमनला वाचायला लावायचे. पुतण्या अंगणात बसून त्यांना सांगत होता, मी स्वतः ऐकलंय. "काका, भाडेकरू आतून एक झालेत. वहिवाट सांगणार आहेत. चाळ माझ्या नावावर करून टाका, म्हणजे तुमच्यावर दावाच लागू शकत नाही. रक्ताचा माणूस आहे मी."

आम्ही कसले एक होतोय! आमचं मोरीवरून रोज भांडण. पण मालकांनी सही केली. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला आणि जिथं घ्यायचा तिथं घेतला नाही. दुसऱ्याच महिन्यात पुतण्यानं सगळी चाळ एका कंत्राटदाराला देऊन टाकली. सातही बिऱ्हाडांनी पंधरा दिवसांत निघायचं. आणि आठव्यानंही.

निघालो त्या दिवशी मालक अंगणात उभे होते. छत्रीच्या टोकानं रिकाम्या खोल्यांच्या भिंती ठोकत होते, सवयीनंच. मला राग आवरेना. "बघा नीट," मी म्हणाले. "एक खुंटी ठोकली नाही आम्ही. एक वेल लावला नाही. तुमची चाळ जशीच्या तशी आहे. घ्या!"

"हो," ते म्हणाले. "तुम्ही चांगले भाडेकरू होता."

मला वाटलं टोमणा मारताहेत. मी वळूनही बघितलं नाही.

आम्ही गेलो कुठं? खोपोलीत बोट शिरायला जागा नव्हती. गाडी सरळ कडावच्या वाटेला लागली. दुसरं गाव कोणतं होतं आम्हाला? मावशीनं पडवी झाडून ठेवली होती. ह्यांना कर्जतला एका वखारीत लिहिण्याचं काम मिळालं. मुलगा तिथल्या मुलांत मिसळला, त्यांच्यासारखं हाय नाय करायला लागला. मी तर कंबर कसली होती, आता इथून हलायचं नाही. गावठाणात मावशीच्या घरामागं एक पडीक तुकडा होता. तो मिळाला की कुडाचं का होईना, स्वतःचं घर उभं करायचं.

पण मावशीच्या दिराच्या मुलांना ते खुपायला लागलं. शिमग्याला आठ दिवस येणारी माणसं वेगळी आणि ठाण मांडणारी वेगळी. म्हातारीच्या मागं घर आपल्याला मिळायचं, मध्येच ही कोण? ते पाटलाकडं गेले. "काकीची भन घाटावर दिली व्हती ह्ये आमी कदी ऐकलं नाय. ह्ये धरणाचे लोक हायेत. येकाला जागा दिली तर उद्या शंभर येतील." पाटील माणूस बरा होता, पण त्यालाही गावाचं बघायला हवं. आम्हाला म्हणाला, "मावशी तुमचीच बाजू घेनार. बाहेरचा कोनी सांगनारा हाय का, तुमी हितलेच म्हनून? आनलात तर बघू. नायतर पीक निघाल्यावर तुमची वाट धरा."

बाहेरचं कोण सांगणार? मी रात्रंदिवस तोच घोर लावून घेतला होता.

भाताची झोडणी चालली होती. दुपारची वेळ, पडवीत मी एकटीच सुपात भात पाखडत होते. मावशी घरामागं पेंढ्या रचत होती. पुढ्यात सावली पडली म्हणून मान वर केली. मालक. बाराबंदी मळलेली, दाढी वाढलेली, हातात छत्री आणि एक लहानशी ट्रंक.

"तुमच्या गावी आलो," ते म्हणाले.

मालक तुमच्या गावी असं का म्हणाले? मी बसा म्हटलं नाही.

ते उभ्यानंच बोलले. पुतण्यानं आधी मागच्या अडगळीत झोपू दिलं, मग तेही नाही. कर्जतला एका मंदिराच्या ओवरीत राहिले, तिथून उठवलं. दुसरीकडं खोली बघितली तर भाडी ऐकूनच परत फिरले. "एका माणसाला जागा ती कितीशी लागते?" त्यांनी पडवीच्या कोपऱ्याकडं बघितलं. "हा कोपरा चालेल मला. मी कुणाच्या अध्यातमध्यात येणार नाही."

कोपरा रिकामा होता. पडवी लांबच लांब होती, आणखी चार माणसं मावली असती. पण माझ्या डोळ्यांपुढं काय आलं सांगू? पाटील आला. या म्हाताऱ्यानं सवयीनं विचारपूस सुरू केली. आणि मावशी सोडली तर हा जगातला एकच माणूस, ज्यानं माझ्या तोंडून झऱ्याची गोष्ट ऐकलीय. हा इथं राहिला तर आज ना उद्या बोलणार. किंवा म्हणणार, मला ठेवा, नाहीतर सांगतो. इतकी वर्षं जपून ठेवलेलं खोटं आत्ता काढायलाच आलाय हा.

"मावशीला विचारावं लागेल," मी म्हणाले. "आणि मावशी घरात नाही. परगावी गेलीय. कधी येईल सांगता येत नाही."

तेवढ्यात घरामागून मावशी बैलाला ओरडली. खणखणीत आवाज, अख्ख्या आळीत जाईल असा. माझे कान तापले. मालकांनी ऐकलं. ऐकलंच. ज्या माणसानं दारापुढच्या वहाणा मोजल्या, कार्डं वाचली, दाणा फोडून बघितला, आमचं एक खोटं तपासायला उन्हातून दोन-तीन कोस चालत आला, तो माणूस दोन पावलं टाकून घरामागं बघायला गेला नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "विचारल्याशिवाय देऊ नये." ट्रंक उचलली आणि गेले.

मी भात पाखडत राहिले. खरं सांगते, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. मावशी पदरानं घाम पुसत पुढं आली. "कोन आलं व्हतं गं?"

"कोणी नाही. वाट चुकलेला होता कोणी."

दिवस कलताना पाटील आला. त्याला बघून मी उठून उभी राहिले. वाटलं, झालं, म्हाताऱ्यानं जाता जाता दावा साधला. पाटील हसत होता.

"तुमचे खोपोलीचे मालक भेटले रस्त्याला," तो म्हणाला. "चावडीवर बसले व्हते घटकाभर. मीच इचारलं, ही मानसं कंची? तर म्हनले, बारा वर्सं माज्या चाळीत व्हती. कडावबिगर दुसऱ्या गावाचं नाव त्यांच्या तोंडातनं मी कदी ऐकलं नाय. दर शिमग्याला हितंच यायची, हितला तांदूळ मी सोता खाल्लाय. वर म्हनले, पाटील, मी लई संशयी मानूस हाय, माज्याकडनं फसवून कोनी खोली घेतली नाय. मग आता आनि काय पायजे? जागा तुमचीच. घर बांधा."

मावशीनं माझ्याकडं बघितलं.

"कुटं गेले ते?" मावशीनं विचारलं.

"कर्जतच्या वाटेनं. आता गाडी बी गेली असंल." पाटील जायला वळला, मग थांबला. "लई थकला व्हता म्हातारा. तुमच्याकडनं जेवून गेला आसंल न्हवं?"

मी हो म्हणाले.